पूर्ण समाधानी

चहा सांगितलाय ना? मग तो येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. अशी फजिती करून बसलोय राव, की गल्लीत कुणी माझ्या नजरेला नजर देत नाही. म्हणजे ते देतात, मीच देत नाही! हसलात तरी चालेल. मीही हसायचा प्रयत्न करतोय, अजून नीट जमत नाही एवढंच.

तर आमचा फ्रिज.

सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, हौसेनं घेतलेला. कंपनी केवढी मोठी! टीव्हीवर त्यांची जाहिरात लागते. एक म्हातारी फ्रिज उघडते, आत उजेड पडतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. खाली मोठ्या अक्षरांत, 'दहा वर्षांची गॅरंटी, आयुष्यभराचं नातं'. आमच्या फ्रिजनं चौदाव्या महिन्यात नातं तोडलं. दूध नासायला लागलं, बर्फाच्या कप्प्यात कोमट पाणी!

गॅरंटी कशाची? तर फक्त कॉम्प्रेसरची. आणि बिघडलंय काय? कंपनीचा माणूस म्हणतो, कॉम्प्रेसर सोडून सगळं! दोष तुमच्या घरातल्या व्होल्टेजचा.

माझा दोस्त दिलावर फ्रिज दुरुस्तीतला जुना मिस्त्री. त्यानं मागचं झाकण काढलं, कान लावला आणि म्हणाला, "आण्णा, कॉम्प्रेसरच गेलाय की ह्यो! कंपनी तोंडावर खोटं बोलाय लागलीया."

झालं. सुमननं कंपनीला फोन लावायला सुरुवात केली. तो फुकटचा लांबलचक नंबर तिला पाठ झालेला. अकरा वेळा फोन झाले, अकरा! दर वेळी तिकडून शेवटी एकच प्रश्न, "तक्रार बंद करू का? ग्राहक समाधानी असं लिहू का?" आणि सुमनचं एकच, न्हाय. फ्रिज नाही झाला नीट तर नाही, पण खोटं लिहू द्यायचं नाही, हा तिचा हट्ट.

आणि मग सुमनच गेली. सकाळी मेथी निवडत बसलेली, अर्ध्या तासात सगळं संपलं.

त्याबद्दल जास्त बोलत नाही, चहा कडू होईल. पण एक सांगतो. चार महिन्यांनी एका सकाळी लक्षात आलं, की मला तिचा आवाज आठवेना! चेहरा आठवतो, चालणं आठवतं, पण आवाज नाही. भीती वाटली हो. मोबाईल धुंडाळला, फोटो ढीगभर, आवाज एक नाही. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यात सुमन बोलतेय, तोंड हलतंय, हात हलतायत, आणि त्या व्हिडिओवाल्यानं वरून सनई टाकलेली! त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो.

त्याच आठवड्यात कंपनीचा फोन.

"नमस्कार, सुमन मॅडमशी बोलू शकते का?"

"ती वारली."

"ओह. सॉरी सर. मग त्यांच्या वतीनं आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

आता सांगा, काय बोलायचं ह्यावर? मी म्हटलं, "कसली सेवा? फ्रिज अजून बंद हाय की!"

"सर, तक्रार तर मागच्याच महिन्यात बंद झालीय. इथं लिहिलंय, ग्राहक पूर्ण समाधानी."

"मागच्या महिन्यात? अवं, तिला जाऊन चार महिनं झालं! वर जाऊन विचारून आला व्हय तुमी?"

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन लागल्या लागल्या ती बाई सांगते ना, की दर्जा आणि प्रशिक्षणासाठी तुमचं बोलणं रेकॉर्ड होतंय? म्हणजे सुमनचा आवाज कंपनीकडं होता!

"ताई, सगळं माफ. गुण पाचपैकी सहा घ्या. पण तिचं रेकॉर्डिंग तेवढं द्या."

"सर, ते फक्त ट्रेनिंगसाठी असतं."

"मग मलाबी ट्रेनिंगच द्या की!"

फोन कट.

मी अर्ज केला. उत्तर आलं, असं रेकॉर्डिंग नसतंच. मग रोज सांगता कशाला, असं विचारलं. उत्तर आलं, असतं पण देता येत नाही, ग्राहकाच्या गोपनीयतेचा आम्ही आदर करतो. मी मृत्यूचा दाखला पाठवला. तर उत्तर काय यावं? रेकॉर्डिंगसाठी ग्राहकानं स्वतः अर्ज करावा! मेलेल्या बाईच्या नावानं 'समाधानी' लिहिताना तिची परवानगी लागली नाही, आवाज द्यायला मात्र सही तिचीच हवी. एवढ्या मोठ्या काचेच्या बिल्डिंगीत एकालाही लाज वाटली नसेल का हो?

हे सगळं मी तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं. तिथंच चुकलं. कोल्हापुरात कट्ट्यावर सांगितलेली गोष्ट घरी जाईपर्यंत तेवढीच राहते का कधी?

सकाळी मी म्हटलं होतं, कंपनी सुमनचा आवाज देत नाही. दुपारी चौकात ऐकलं, कंपनीनं सुमनकाकींचा आवाज चोरला. संध्याकाळी शेजारच्या पाटीलकाकू छातीवर हात ठेवून सांगत होत्या, "जाहिरातीतल्या म्हातारीचा आवाज सुमनचाच हाय! मी लगीच वळखला!"

अहो, ती म्हातारी जाहिरातीत एक शब्द बोलत नाही! नुसती रडते!

हे मला माहीत होतं. पण मी गप्प बसलो. कट्ट्यावर कंपनीवर मोर्चा न्यायचं ठरलेलं, आणि मोर्चाला माणसं लागतात. कंपनी खोटं बोलते म्हणून बोंबलणारा मी, एवढं खोटं बिनबोभाट पचवलं.

दुसऱ्या दिवशी हलगी लावून शंभरेक माणसं शाहूपुरीतल्या त्यांच्या दुरुस्ती केंद्रावर. पुढं फलक, 'आवाज परत द्या!' आत एकच मॅनेजर, बिचारा जेवायचा डबा उघडून बसलेला. तो हात जोडून म्हणाला, "काका, हितं फकस्त नळ्या आन् ग्यास हाय वो. आवाज न्हाय!"

"मग कुठं हाय?"

"मुंबईला आसंल की! आमाला बी ते असंच फिरवत्यात!"

कुणीतरी मोबाईलवर ते सगळं काढलं आणि सोडलं. लाखभर लोकांनी बघितलं म्हणे. आणि काय चमत्कार! जी कंपनी महिनोन्महिने हलली नव्हती, तिची मुंबईची मोठी अधिकारीण चार दिवसांत माझ्या दारात. सोबत पुष्पगुच्छ, नवाकोरा फ्रिज आणि एक कागद.

"काका, तुमच्या भावना आम्ही समजतो. एक रेकॉर्डिंग मी सोबत आणलंय, बाकीची दहा नंतर देते. फक्त इथं सही करा."

कागदावर लिहिलेलं, माझी तक्रार राहिलेली नाही, फ्रिजमध्ये मुळात दोष नव्हता, मी पूर्ण समाधानी आहे.

दिलावर कानात म्हणाला, "आण्णा, करू नगंस. वैनीनं अकरा डाव न्हाय म्हटलंया."

खरंच होतं त्याचं. पण समोर तिचा आवाज होता हो! मी सही केली. बाईंनी माझा नव्या फ्रिजशेजारी फोटो काढला. हसा म्हणाल्या, हसलो.

बाई गेल्या आणि घर माणसांनी भरलं. मोर्चाला आलेले सगळे म्हणाले, वहिनींचा आवाज आम्हीही ऐकणार. तालमीतला मोठा स्पीकर आणला. पाटीलकाकू चिवडा घेऊन आल्या. सुमनच्या फोटोला हार घातला. दिलावरनं मोबाईल जोडला आणि मी डोळे मिटले.

आधी कंपनीची धून. मग, "हॅलो, मी सुमन बोलतीया. आमचा फ्रिज..."

तीच! तोच आवाज, थोडा दबका, 'फ्रिज' म्हणताना जरा अडखळणारा. अंगावर सर्रकन काटा आला. आणि पुढच्याच क्षणाला स्पीकर फुटेल असा एक आवाज,

"दे हिकडं त्यो फोन! तुला न्हाय जमायचं!"

कुणाचा? माझा.

त्यानंतर साडेनऊ मिनिटं मी. एकटा मी. कंपनीचा उद्धार करतोय, कॉम्प्रेसर समजावून सांगतोय, पस्तीस वर्षं लेथवर काम केल्याचं सांगतोय. मधेच मागून बारीक ऐकू येतं, "अवो, जरा मला..." आणि त्यावर मी, "गप बस गं! मी बोलतोय न्हवं?" शेवटी तिकडची पोरगी विचारते, "सर, तक्रार मॅडमच्या नावावर आहे, एक मिनिट त्यांच्याशी बोलू का?"

"तिला काय कळतंय त्यातलं?"

संपलं रेकॉर्डिंग.

दिलावरनं स्पीकरची वायर काढली. पाटीलकाकूंनी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं. कोल्हापूरची तीस माणसं एका खोलीत आणि आवाज नाही, बघितलंय कधी? एकेक जण चपला शोधत निघून गेला.

मला आठवतंय त्यात तर तीच भांडायची हो कंपनीशी! मी शपथेवर सांगितलं असतं. दोष नसलेला फ्रिज, समाधानी ग्राहक, असलं कंपनी कागदावर लिहिते. मी डोक्यात लिहून ठेवलेलं, कंपनीपेक्षा पक्कं.

रात्रभर एवढंच म्हणत राहिलो, की बाकी दहांत असेल. एखाद्या दिवशी मी कामावर असेन, ती एकटी बोलली असेल. सकाळी त्या मुंबईच्या बाईंना फोन लावला.

"बाई, ती बाकीची दहा..."

बाईंच्या आवाजात पहिल्यांदाच कंपनी नव्हती. म्हणाल्या, "काका, पाठवायची म्हणून काल मी ती सगळी ऐकली. खरंच पाठवू का?"

मला विचारायचं होतं, त्यात कुठं तरी सुमन बोललीय का? चार वाक्यं? दोन? विचारलंही बहुतेक.

"काका, काही ऐकू येत नाहीये," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोलता का?"

जन्मात पहिल्यांदा हे मला कुणी सांगितलं.