आखाजीचा रिकामा झोका

सुहृदहो, आज अक्षय्य तृतीया. गुजरातेत हा लग्नांचा दिवस, आणि आमच्या खानदेशात हीच आखाजी, लेकींनी माहेरी जाऊन झोके घेण्याचा दिवस. सुरतेच्या उधन्यातील आमच्या सूनबाईच्या ब्यूटी पार्लरमध्ये आज नववधूंची रांग होती. हाताखालच्या दोघी मात्र आखाजीसाठी गावी निघून गेलेल्या.

सकाळी तिने एकीला फोन लावला. "मनीषा, दुपारपर्यंत तरी पोहोच गं!"

"ताई, आते मी झोकावर शे!" पलीकडून हसू आले; ती आत्ता झोक्यावर होती.

लेकीला माहेरापासून अडवणे आपल्या धर्मात बसत नाही. सूनबाईने फोन ठेवला आणि एकटीच राबत राहिली.

शेवटच्या वधूचा अंबाडा अर्धाच झाला होता, तोच तिची आई कडाडली, "बेन, जान आवी गई!" नवरदेवाचे वऱ्हाड मांडवाच्या दारी आले होते. मुलगी रडत, सुटलेल्या केसांनीच उठून गेली.

त्यानंतर सूनबाईच्या आईचा फोन आला. "झोका बांधेल शे, बेटा. कधी येशी?"

"पुढच्या आखाजीले, माय."

पुढच्या आखाजीच्या वधूंची नावे पार्लरच्या वहीत आताच लागली आहेत, हे मला ठाऊक आहे. या तिथीला जे घडते ते क्षय पावत नाही, असे शास्त्र सांगते. मग सूनबाईचे हे न जाणेही अक्षयच समजावे काय?