भुरी साकवावर थांबली

माझ्या सासूबद्दल गोड बोलायला मला कोणी सांगू नये. तानी तिचं नाव. टोकावड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी, ओढ्यापलीकडे दीड एकर भातशेत आणि दारात तीन गाढवं. मी किन्हवलीची माधुरी. लग्न होऊन या घरात आले, तर सकाळी आधी गाढवांना कोंडा आणि मग माणसांना चहा. पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं.

पलीकडच्या शेतावर बैलगाडी जात नाय. ओढ्यावर ताडाची दोन खोडं टाकून वर फळ्या ठोकल्यात, तो आमचा साकव, तेवढाच रस्ता. शेणखत न्यायचं, भाताचे भारे आणायचे, सगळं गाढवांच्या पाठीवर. यातलं एकही विकत घेतलेलं नाय. वीटभट्टीचा हंगाम संपला की लंगडी झालेली, पाठ सोललेली जनावरं काही लोक रस्त्यावर सोडून जातात. मेल्यांना लाज नाय. तानी त्यांना घरी आणायची. जखमेला हळद नि खोबरेल, महिनाभर पाठीवर काही नाय. मग नुसतं रिकामं पोतं, मग अर्धं पोतं तूस, आणि मग कुठे खत. हातात काठी कधीच नाय. तिचा एकच नियम होता. गाढव थांबलं की मारायचं नाय, ओढायचं नाय. आपण पुढे जायचं, बघायचं, आपला पाय आधी टाकायचा. मग ते आपसूक येतं.

नवीन असताना मी सोनी नावाच्या गाढवीला दोरीने ओढलं, तर ही बाई चार बायकांसमोर मला म्हणाली, "तुला कोनी ओढत आनली होती काय गो किन्हवलीवरनं? आपल्या पायानं आलीस ना?" तो दिवस मी अजून विसरले नाय.

तीन वर्षांपूर्वी तिचं काहीतरी बिनसायला लागलं. निवडलेल्या तांदळात खडे राहायचे. रोजच्या उंबऱ्याला ठेच लागायची. आणि हातात काठी आली. मी विचारलं, "आय, डोळ्यांना कमी दिसतं काय तुमाला?" तर म्हणे, "तुझ्या बापाला कमी दिसतं." माझ्या बापाला ती उभ्या जन्मात पाच वेळा भेटली नसेल. मी नवऱ्याला, सुनिलला सांगितलं. तो मुरबाडला कंपनीत कामाला. "आयशी कोन डोकं लावनार," म्हणाला आणि कूस बदलून झोपला. असा हा मुलगा.

यंदा होळी झाली आणि खत वाहायचं काम निघालं. पुढे तानी आणि भुरी, मागे मी आणि सोनी. भुरी आमच्यातली सगळ्यात शहाणी, माणसांसकट सांगते. साकवाच्या मधोमध ती थांबली. तानी पुढे गेली, वाकली, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "काय नाय, चल." भुरी हलेना. तेव्हा ज्या बाईने एका दोरीसाठी माझी चारचौघींत लाज काढली होती, तिने काठी उचलली आणि भुरीच्या पाठीत घातली. दोनदा. भुरीने पाय टाकला. तिथे फळीच नव्हती.

पुढचा पाय गुडघ्यापर्यंत फटीत गेला, वरून खताचं ओझं. मी विळ्याने दोऱ्या कापल्या, शेजारच्या जगदीशला हाक मारली, दोघांनी मिळून तिला वर काढलं. हाड वाचलं, पण नडगीची कातडी सोलून निघाली. तानी काठावर उभी राहून शिव्या देत होती. फळ्या ठोकणाऱ्या सुताराला, सुनिलला, मला. स्वतःचं नाव सोडून तिने सगळ्यांची नावं घेतली. मी भुरीच्या नडगीला फडकं बांधत राहिले; तोंड उघडलं असतं तर घर फुटलं असतं.

जनावरांच्या डॉक्टरने टाके घातले, तीन आठवड्यांत जखम भरली. जगदीशने नवी फळीही ठोकली. पण भुरी साकवापाशी आली की कान मागे पाडायची आणि चारी पाय रोवायची. माझं ऐकेना, तानीचं तर नायच. सुनिल म्हणाला, "बसून खाणारं जनावर कशाला? भट्टीवाला मागतोय. सोमवारी त्याचा टेम्पो येईल."

"तुझ्या आयशीने मारलं आणि भट्टीवर हिने जायचं?" मी म्हटलं.

"मग सोमवारच्या आत साकव ओलांडू दे तिला. ठेवतो."

चार दिवस तानीने सगळं पहिल्यापासून केलं. रिकामं पोतं घातलं, तूस घातला, गुळाचा खडा पुढे धरला. भुरीने गूळ खाल्ला आणि पाय रोवले. रविवारी दुपारी माझा संयम संपला. मी म्हटलं, "आय, गूळ काय चारताय? तुमी मारलंत तिला. ती काय विसरलेली नाय."

मला वाटलं आता ती काठी माझ्या पाठीत बसणार. तिने ती ओढ्यात फेकली. मग भुरीचा कान हातात धरला आणि त्या कानात बोलली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, सगळं ऐकलं.

"भुरे, चूक माझी. मला दिसत नाय गो. डाव्यानं काय नाय, उजव्यानं नुसता धूर. तू सांगितलंस, मी ऐकला नाय."

मग ती गुडघ्यांवर बसली आणि साकवावर रांगत निघाली. सत्तरीची बाई, एकेक फळी तळहाताने चाचपत, दाबून बघत. अर्ध्यापर्यंत पोचली तेव्हा भुरीने पहिला पाय टाकला. नाक तिच्या पाठीला लावून ती पलीकडे गेली.

कोणी म्हणेल मला रडू आलं असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अलीकडून ओरडले, "तीन वर्षं विचारतेय मी. मला नाय सांगितलंत, पोटच्या पोराला नाय सांगितलंत, आणि गाढवाला सांगितलंत?"

तिने लुगड्याची माती झटकली. "तुला सांगितला असता तर काय केला असतास? दोरी काढून घेतली असतीस माझ्या हातातनं."

घेतलीच असती. ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

सुनिलने त्याच संध्याकाळी भट्टीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मंगळवारी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले. टोकावड्याला मुरबाडची एस्टी लागली, आणि ही बाई दारात पायरीसमोर थांबली. मागे गर्दी. "आजी, चला ना," कंडक्टर म्हणाला. मागच्या माणसाने तिच्या पाठीला हात लावला.

"हात काढ," मी त्याला म्हटलं. "ती थांबलीय ना? मग थांब."

मी तिच्या बाजूने पुढे झाले, आधी वर चढले आणि पायरीवर दोनदा पाय आपटला, आवाज होईल असा. मग ती आली.