दादाने न ऐकलेली गाणी

“आत्या, बाबा... चले गए,” एवढंच मिताली फोनवर बोलली. माझ्या या भाचीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. मी सांगलीला स्वयंपाकघरात उभी होते. कुकर झाला होता, आणि मी गॅस बंद करायचंही विसरले... आता दीड महिना होत आला. दादाला ओळखणारे लोक येऊन भेटून गेले. चंदीगडच्या विद्यापीठात त्याने आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र त्याची बेस गिटार आठवत राहते.

सांगलीला असताना दादा गायचा. पेटी पुढ्यात ओढून बसला की आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. मग चंदीगडची नोकरी लागली, लग्न झालं, मिताली झाली, आणि ती रांगत असतानाच मेंदूज्वराने त्याचे कान नेले. जीव वाचला, हेच पुष्कळ होतं. ओठ वाचायला तो शिकला, विद्यार्थ्यांना शंका चिठ्ठीवर लिहायला लावून शिकवतही राहिला. पेटी मात्र त्याने कुणाला तरी देऊन टाकली.

पुढे घरात केबल आली. शाळेतून आली की मिताली कार्टून लावायची आणि सुरुवातीचं गाणं सोफ्यावर उभी राहून गळा फाडून म्हणायची. दादा समोर बसून तिचे ओठ बघत राहायचा. एकदा त्याचा हात सहज टीव्हीच्या खोक्यावर पडला आणि तो दचकला. “हे खाली काय धडधडतंय?” वहिनी म्हणाली, “बेस गिटार असेल.” दुसऱ्याच दिवशी दोघं सेक्टर बावीसमधल्या वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने समजावलं, “प्रोफेसर साहब, इस पे गाना थोड़े ही बजता है! ये तो पीछे-पीछे चलती है जी.” दादाने गिटार छातीशी धरली, सगळ्यांत जाड तार छेडली, क्षणभर डोळे मिटले. “चलेगा. मेरे तक बस यही पहुँचता है.”

शिकवणार कोण? एका विद्यार्थ्याने त्याला टॅब दाखवले. चार तारांच्या चार आडव्या रेघा आणि रेघांवर आकडे; आकडा म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं ते. सेक्टर सतराच्या सायबर कॅफेतून दादा असे कागद छापून आणू लागला. सगळी कार्टूनचीच गाणी, कारण लेकीला तीच पाठ होती. पण आकडे बोटाची जागा सांगतात, सूर किती वेळ धरायचा ते सांगत नाहीत. ते बाकीचे मूळ गाणं ऐकून ठरवतात. आणि ही गाणी तर त्याचे कान गेल्यानंतरची, त्याने ती कधीच ऐकली नव्हती! मग मिताली शेजारी बसून त्याच्या गुडघ्यावर हाताने ताल द्यायची. “नहीं बाबा, यहाँ रुको... अब!” चुकलं की ती गुडघ्यावर चापट मारायची आणि दादा हसत पुन्हा पहिल्या आकड्यावर जायचा. सुट्टीत गेले की मी हे बघत बसायची. एवढा गाणारा माणूस एवढ्याशा पोरीकडून मात्रा शिकत होता...

एका वर्षी मी गणपतीतच त्यांच्याकडे गेले होते; तिथल्या मराठी मंडळींच्या उत्सवात मिताली आणि तिच्या मैत्रिणी कार्टूनचं गाणं म्हणणार आणि दादा साथ करणार, असं ठरलं. नाट्यगीत आणि भावगीताच्या मध्ये हे गाणं, त्यामुळे पहिल्या रांगेत थोडी कुजबुज झाली. मिताली दादाला खेटून उभी होती, एक हात त्याच्या खांद्यावर, तालासाठी. दुसरं कडवं सुरू झालं आणि वीज गेली. माइक बंद, ॲम्प्लिफायर बंद. पोरी एकेक करून थांबल्या, मितालीचा हातही थांबला. कुणी टॉर्च शोधू लागलं. आणि त्या अंधारात मला तारांचा बारीक, कोरडा आवाज आला... दादा वाजवतच होता.

तो आवाज मितालीनेही ओळखला. तो जिथे पोचला होता नेमकी तिथली ओळ तिने उचलली, मागोमाग बाकीच्या पोरी आल्या. माइक नव्हता, म्हणून जीव खाऊन गायल्या. कडवं संपता संपता वीज आली आणि दादाचा खर्ज त्यांच्या ओळीखाली, त्याच मात्रेवर, घुमत उभा राहिला.

जेवताना मी त्याला विचारलं, “पोरी थांबल्या, तू कसा थांबला नाहीस?”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, “थांबल्या होत्या? अगं, अंधारात मला काय दिसणार! हात थांबला तेव्हा वाटलं, मिताली अंधाराला बिचकली. मी आपला त्यांना धरून होतो.”

परवा चंदीगडला लागून असलेल्या मोहालीला, दादाच्या शेवटच्या घरी गेले. त्याच्या खोलीत खुर्चीपुढे ॲम्प्लिफायर आडवा ठेवलेला. ॲम्प्लिफायरच्या वरच्या बाजूचं काळं कापड दोन ठिकाणी झिजून पांढरं पडलं होतं, पावलांच्या आकाराचं. मी विचारायच्या आधीच मिताली म्हणाली, “बाबा ऐसे सुनते थे.” मी चप्पल काढली, खुर्चीत बसले आणि त्या जागी पाय ठेवले. मितालीने गिटार जोडली, जाड तार छेडली. आवाज कानाआधी तळव्यांतून आत शिरला, पोटऱ्यांतून वर चढला, बरगड्यांत भरून राहिला... मी हाताने तिला खूण केली, अजून एकदा.