बंबाची मियाद

निजामाच्या राज्यात दर दिवाळीआधी सेलूहून एक बंबदुरुस्तीवाला जिंतूरला आमच्या घरी यायचा. आमच्या तांब्याच्या बंबाला कान लावायचा, वाकड्या बोटानं टकटक करायचा आणि वैद्यासारखा हळहळायचा, "माय, औंदाचं साल काढंल. फुडचं न्हाई."

मग वर्षभर घरात घबराट. आई दर शनिवारी चिंचेनं बंबातला खार घासायची, नळीतली राख झाडायची, पाणी भरल्याशिवाय कुणाला विस्तव टाकू द्यायची नाही. असं अकरा वर्षं चाललं.

शेवटी आईनं त्याला धरलंच. "दर साली मारता की हो त्याला! मरंना तर काही."

तो शांतपणे म्हणाला, "तुमी भेता, म्हणून घासता. घासता, म्हणून जगायलाय त्यो."

तेवढ्यात बाबा तहसील कचेरीतून धापा टाकत आले आणि रुमी टोपी काढून ओसरीवर टेकले. त्यानं सरळ बाबांच्या सुटलेल्या पोटाला कान लावला, टकटक केलं आणि हळहळला.

"माय, हे बी औंदाचं साल काढतील. फुडचं न्हाई."

त्या दिवसापासून बाबांची भजी बंद झाली. बाबा पुढं तीस वर्षं जगले, रोज त्या माणसाला शिव्या देत.