दर दोन तासांनी

“मले भूक लागली असन का वं?”

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून मला हे विचारायच्या. किती वाजले म्हणून विचारावं, तसं. मला आधी हसू यायचं. “काकू, पोट तुमचं आणि विचारता मला?” त्याही हसायच्या, पण उत्तर घेतल्याशिवाय खाली जायच्या नाहीत.

सक्करदऱ्यात तलावामागच्या गल्लीत त्यांचं घर. वरच्या दोन खोल्यांत मी राहायचे. सकाळच्या शाळेत शिकवून दुपारी परत यायचे. मी राहायला आले तेव्हा काका अंथरुणाला खिळलेले होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, गिळणंही गेलं होतं. नाकातून पोटापर्यंत नळी. दर दोन तासांनी काकू त्या नळीतून पेज, दूध, वरणाचं पाणी गाळून सोडत. भिंतीवर दवाखान्याचा चार्ट, मोबाइलमध्ये अलार्म. आधी सिरिंजनं ओढून पाहायचं. मागचं काही आलं नाही, म्हणजे पोट रिकामं. तीन वर्षं हे चाललं. काकू स्वतः गाळणीत उरलेलं ओट्याशी उभ्यानंच खाऊन घ्यायच्या. भूक लागायच्या आधी, नाहीतर ती मरून गेल्यावर.

काका गेले. अलार्म वाजतच राहिला. तो वाजला की काकू वाटीभर काहीतरी खायच्या; मी घरी असले तर आधी जिन्याशी येऊन मला विचारायच्या. एखाद्या दिवशी मोबाइल बंद पडला तर संध्याकाळपर्यंत पोटात काही नसायचं आणि त्यांच्या ते ध्यानातही यायचं नाही. एकदा भाजी घेताना चक्कर येऊन पडल्या. तपासण्यांत काही निघालं नाही. मीच त्यांना दवाखान्यातून घरी आणत होते.

“भूक लागल तवा खा म्हणते डॉक्टर,” ऑटोत त्या म्हणाल्या. “त्यायचं पोट सिरिंजमंदी दिसे. मायं कुठं पाहू?”

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? बहुधा मी केलं तेच. त्यांना वर नेऊन जेवायला बसवलं. एक पोळी, मग दुसरी, मग “माझ्यासाठी अर्धी” म्हणत तिसरी. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं आणि मोरीत जाऊन सगळं ओकून टाकलं.

तोंड पुसत बाहेर आल्या. “तू म्हणली म्हणून खाल्लं.”

आवाजात राग नव्हता. भिंतीला टेकून बसल्या आणि बोलू लागल्या.

“शेवटच्या आठवड्यात ते डावा हात वर करत. मी नळी धरली का माया मनगटाले धरत. नको म्हनून राहिले होते वं. मले समजत होतं. पण सिरिंजमंदी काई येत नव्हतं, अन् चार्टवर टाइम झालेला राहे. मी त्यायचा हात खाली दाबला अन् पेज सोडली. रोज दाबला.” मग त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “त्यायच्या पोटाचं आयकलं नाही. आता मायं आयकू काहून?”

त्या दिवसापासून मी त्यांना वाढणं सोडलं. अलार्म त्यांनीच बंद केला. दुपारी आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर बसायचो. मी वह्या तपासायचे, बाजूला भाकरीची झाकलेली टोपली असायची. वाटलं तर घ्यावं, नाहीतर नाही. किती दुपारी ती टोपली तशीच परत गेली, आता आठवत नाही.

एकदा काकू एकदम ताठ झाल्या. हात पोटावर.

“गुरगुरलं वं!”

बंद घरातून कोणी हाक मारल्यासारख्या त्या घाबरल्या होत्या. मग भाकरी काढली, झुणका घेतला आणि सावकाश खाऊ लागल्या. चतकोर उरली असताना थांबल्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच वहीतून डोळे वर काढले नाहीत.

“बस,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि चतकोर झाकून ठेवली.

हळूहळू मला विचारणं थांबलं. कधी वेळी-अवेळी कांदा चिरल्याचा वास यायचा आणि मला बरं वाटायचं. दोन वर्षांनी त्यांची लेक त्यांना वर्ध्याला घेऊन गेली.

गेल्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. आई आजारी आहे, फार थकलीय. “ताई, दोन चमच्यांत बस म्हणते. डॉक्टर म्हणतात नळी टाकू. तिले विचारलं तर नको म्हणून मान हलवते. दोन चमच्यांत खरंच भरत असन का हो तिचं पोट?”

काकांच्या त्या दाबलेल्या हाताचं तिला काही ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

“काकू बस म्हणतात ना? मग बस,” मी म्हणाले. माझा आवाज इतका ठाम कसा होता, हे मला अजून कळलेलं नाही. लेकीनं नळी टाकू दिली नाही. नऊ दिवसांनी काकू गेल्या.

तेरवीला मी वर्ध्याला गेले. पंगत बसली. लेक वरण वाढत माझ्या पानापाशी आली. एक पळी घातली, दुसरी भरली आणि भातावर तशीच धरून थांबली. मागची माणसं खोळंबली तरी ती हलली नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहत, मी बस म्हणायची वाट बघत उभी राहिली.