टेली म्हणजे लांब

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर एका निवृत्त विज्ञान शिक्षकांचा एसटीडी बूथ होता. बारामतीची गाडी लागेपर्यंत मी तिथंच टेकायचो. त्यांना सगळे सर म्हणायचे.

आमच्याकडची माणसं गावाचं अंतर बघून आवाज लावायची. पुण्याला साधा, मुंबईला जरा चढा, आणि सुरतेला फोन असला की बांधावरून हाक मारल्यासारखा. मग सर काचेच्या दारावर किल्लीनं टकटक करायचे. माणूस बाहेर आला की धडा सुरू.

"टेली हा ग्रीक शब्द. टेली म्हणजे लांब. टेलिस्कोपातून लांबचं दिसतं. टेलिमेट्री म्हणजे आभाळातला उपग्रह किती तापलाय, ते हितं बसून मोजायचं. तसं टेलिफोनातून लांबचं ऐकू येतं. लांब जायचं काम तार करती, तुमी घसा कशाला फोडताय?"

माणूस मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला तेवढाच ओरडायचा. सरांना त्याचा कधी राग आला नाही. ते पुन्हा टेलिस्कोपापासून सुरुवात करायचे.

एका दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. लग्न होऊन ती नुकतीच गुवाहाटीला गेली होती. सर खुर्चीतून उठले, आणि समोरच्या फलाटावरचा कंडक्टर वळून बघेल अशा आवाजात म्हणाले, "जेवलीस का?"

त्यांनी फोन ठेवल्यावर मी टेबलावरची किल्ली उचलली आणि काचेवर हळूच टकटक केलं.

सर हसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले, "लई लांब हाय हो."