मामांच्या खिशातलं घड्याळ

साताऱ्याहून गोंदियाची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर स्टीलचा डबा होता. शेजारच्या बाईंना वाटलं, लाडू असणार. कराडपासून बसून आलेल्या त्या बाईंनी डब्याकडे दोनतीनदा इतक्या आशेने पाहिलं, की शेवटी मीच झाकण उघडून दाखवलं. आत कापसात एक खिशातलं घड्याळ होतं, साखळीसकट.

"एवढंच होय?" असं म्हणून त्यांनी आपलं भाकरीचं फडकं सोडलं.

एवढंच, पण माझे आठ महिने त्यात गेले होते. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीत जुन्या घड्याळांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवते. जुन्या बाजारातून बंद पडलेली मशिनं आणायची, ती बसवायला कुठली तरी डबी मिळवायची, तबकडी स्वतः रंगवायची आणि शंभर वर्षांपूर्वीचं वाटेल असं घड्याळ चालू करून दाखवायचं. कंपनीचं नाव मी कधी टाकत नाही आणि घड्याळ विकतही नाही. घरचे याला "रिकामा उद्योग" म्हणतात.

हे घड्याळ मात्र उद्योगातलं नव्हतं. माझे मामा रेल्वेत गार्ड होते. नोकरीत त्यांना सरकारी घड्याळ मिळालेलं, पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवायचं. दहा वर्षांची असताना मी उन्हाळ्याच्या सुट्टीत रायपूरला गेले आणि दुपारी सगळे झोपल्यावर कंपासच्या टोकाने त्याचं मागचं झाकण उघडलं. आत चाकं कशी फिरतात ते पाहायचं होतं. पाहिलं, आणि घड्याळ बंद पडलं. मी ते गुपचूप खिशात ठेवून दिलं. मामा तसेच ड्यूटीवर गेले, घड्याळाबद्दल खुलासा मागणारा मेमो त्यांना मिळाला असं पुढे आईकडून कळलं. मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर तीस वर्षंही नाही.

निवृत्त होताना मामांना ते घड्याळ परत जमा करावं लागलं. त्याला आता चार वर्षं झाली. मामी फोनवर म्हणाल्या होत्या, "सकाळी उठले का खिशावर हात नेतेत, अन् काहीच नाही म्हनून तसेच बसून राहतेत." तेव्हाच मी ठरवलं, घड्याळ बनवायचं, स्वतः नेऊन द्यायचं आणि तीस वर्षांपूर्वीचं सांगून टाकायचं.

गोंदियाला मावशीकडे मुक्काम करून सकाळी पुढची गाडी धरली. डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ दिसलं तसे डब्यातले अर्धे हात जोडले गेले. पुढे दोन्ही बाजूंना बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) कापून मोकळ्या पडलेल्या, त्यात बगळे आणि थंडीचं कोवळं ऊन. मांडीवरचा स्टीलचा डबा मी एकदाही खाली ठेवला नाही.

रायपूर लहानपणी झोपाळू गाव होतं. आता नव्या राज्याची राजधानी झाल्याचा त्याला केवढा अभिमान! राजधानी टेलर, राजधानी किराणा, राजधानी भोजनालय. रस्ते मात्र सगळे खणून ठेवलेले. माझी सायकलरिक्षा अर्धा तास एकाच चौकात उभी होती. मी कुरकुरले तर रिक्षावाला हसला. "राजधानी बन गे हे दीदी, जाम तो लगबे करही." (राजधानी झाली म्हटल्यावर खोळंबा होणारच.)

मामांचं घर तात्यापाऱ्यात. पारा म्हणजे आळी. मामींनी दारातच विचारलं, "काहून एवढी वाळली वो पोरी?" आणि फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट उंडे) पुढ्यात ठेवला. वर तीळ-मिरचीची फोडणी. मी चौदा फरे खाल्ले, ते मोजल्याचं मामींनी नंतर सांगितलं.

जेवण झाल्यावर मामा अंगणात उन्हाला बसले. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी घड्याळ साखळीला धरून उचललं, तळहातावर तोललं, चावी दिली, कानाला लावलं. चेहरा असा खुलला, की मला वाटलं आठ महिने वसूल झाले. मग त्यांनी ते उजेडात धरलं.

"हे काहून असं पिवळं?"

मी तर याच प्रश्नाची वाट पाहत होते. "चहा, मामा! तबकडी तीनदा चहाने माखली. कडेला गंजाचे ठिपके दिले. अगदी जुनं वाटतं ना?"

"कोनाची आहे ही घडी?"

"तुमचीच. म्हणजे, तशीच."

"माही नाही." आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "माही घडी मळकी नव्हती. सव्वीस वर्षं दर ड्यूटीच्या आधी मऊ फडक्यानं पुसली मी. जमा कराले गेलो तं बाबू म्हणे, गार्डसाहेब, तुम्ही तं नवीच देऊन राहिले."

त्यांनी घड्याळ कापसात ठेवलं, डब्याला झाकण लावलं आणि आत जाऊन पडले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्हा छंदिष्टांना डाग म्हणजे दागिना. जितकं मळकं तितकी वाहवा जास्त. ते घड्याळ कुणीतरी रोज पुसत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कबुली तर तोंडातच राहिली. माझ्या रजेचे तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामींना म्हटलं, "तबकडी खरवडून पुन्हा रंगवते. बसायला जागा हवी." त्यांनी सदर बाजारातल्या एका म्हाताऱ्या घडीसाजाचं (घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं) दुकान सांगितलं. मी चप्पल घालते तोच मामा स्वेटर चढवून बाहेर आले. "रस्ता चुकशील," एवढंच म्हणाले. रस्ता सरळ होता.

दोन सराफांच्या मध्ये दबून बसलेलं ते दुकान जेमतेम चार हात रुंद. बाहेर स्कूटरींचा कल्लोळ. मी हिंदीत माझी अडचण सांगितली. घडीसाजाने डोळ्यावरचं भिंग न काढता मान हलवली, "हव (हो) दीदी, बइठव," आणि स्वतः स्टुलावर सरकून मला गादी दिली. मी तबकडी खरवडली, पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि ती दिव्याजवळ सुकायला ठेवली. मामा पायरीवर बसून बाजार पाहत होते. माझ्याकडे पाठ होती, पण लक्ष सगळं इकडे.

रंग सुकायला एक दिवस लागणार होता. त्या दिवशी मामींनी मला गोल बाजारात फिरवलं. तिथे एका कांस्याच्या वाटीवरून त्यांनी दुकानदाराशी इतका वेळ वाद घातला, की तो थकून आम्हाला चहा पाजू लागला. चहा पाहून मला ती पिवळी तबकडीच आठवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी गाडी होती. सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर हजर. मी आकडे काढायला घेतले तसे मामा आत सरकले.

"जाड काढ. कंदिलाच्या उजेडात वाचता आले पाहिजेत."

मी जाड काढले. मग मिनिटांच्या साठ खुणा करायला दुहेरी टोकाचा कंपास काढला. मामा त्याच्याकडे पाहत राहिले.

"हाच होता काय तेव्हाचा?"

माझा हात थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. झाकणावर रेघा होत्या, अन् तुह्या कंपासचं टोक वाकलं होतं."

"मग मेमोच्या उत्तरात काय लिहिलंत?"

"माह्या हातून पडली म्हनून."

"पण का, मामा?"

"तं काय दहा वर्षांच्या पोट्टीचं नाव सरकारी कागदावर लिहू?" ते हसले. "एक डाग लागला होता. दुसरा लागू द्याचा नव्हता, म्हनून पुसत राहिलो."

मी त्या चार हातांच्या दुकानात, सराफांच्या गिऱ्हाइकांदेखत, हुंदके देऊन रडले. तीस वर्षांचं "चुकलं" तेव्हा कुठे तोंडातून बाहेर पडलं. घडीसाजाने मुकाट्याने भिंग पुसायचं पिवळं फडकं माझ्यापुढे केलं.

काटे बसवताना सेकंदाचा बारीकसा काटा चिमट्यातून उडाला. आम्ही तिघं गुडघ्यांवर. गादी झटकली, पायरी चाचपली, गाडीची वेळ जवळ येत चाललेली. शेवटी तो मामांच्या स्वेटरला, नेमका खिशावर चिकटलेला सापडला.

"पाहा, जागेवर येऊन बसला," मामा म्हणाले.

घड्याळ चालू झालं. पांढरीशुभ्र तबकडी, काळे जाड आकडे. मी मागचं झाकण लावायला घेतलं, तर मामांनी हात धरला.

"थांब. कंपास घे. आतून एक रेघ मार."

"डाग नको म्हणालात ना?"

"हा डाग नाही. माही घडी मले ओळखू आली पाहिजे."

मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढली. या खेपेला हात चोरावा लागला नाही.

मामा स्टेशनवर सोडायला आले. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे पाय ठेवला नव्हता. मला जागेवर बसवून ते फलाटावरून गाडीच्या शेपटाकडे निघाले, ते चालणं मला लहानपणापासून माहीत होतं. गार्डाचा डबा माझ्या डब्याला लागूनच होता; तिथे उभे राहून म्हणाले, "भैया, ज़रा टाइम मिलाना है." तो तरुण गार्ड घड्याळ पाहून आधी हसला, मग का कोण जाणे, सरळ उभा राहिला आणि त्याने आपलं मनगट पुढे केलं. मामा परतले ते मान हलवत.

"दोन मिनिटं मागं आहे."

"पुढच्या वेळी आले की दुरुस्त करते."

"राहू दे. घडी रोज मिळवाव लागते. तेवढंच काम." त्यांनी ते खिशात टाकलं आणि वरून हात ठेवला. गाडी हलली तेव्हाही हात तिथेच होता.

घरी आले तर टेबलावर दोन तबकड्या चहात भिजत ठेवलेल्या, जाताना विसरले होते. बशीवर बुरशी आलेली. एरवी मी खूश झाले असते. आता वाटलं, यांचीही कुणीतरी वर्षानुवर्षं धूळ पुसली असेल आणि मी बसले आहे त्यावर डाग घालत. चहा मोरीत ओतला, तबकड्या धुतल्या. एकीचा रंग गेला, दुसरी चांगली निघाली.

रविवारी फोन वाजला. मामा नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत कधीच पडत नाहीत.

"आज दीड मिनिट," ते म्हणाले. "अन् झाकण उघडून पाहिलं. रेघ आहे."